आधी पैसे, मग भांडण



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते आयुष्यभर दिवाणी न्यायालयांत उभे राहिले. त्यामुळे मीही विषय दिवाणी बाजूचाच घेतला आहे. वर्तमानपत्रांत तो क्वचित येतो. पण रस्ता, धरण, साखर कारखाना किंवा वीजकेंद्र बांधणाऱ्या कोणालाही तो नवा नाही. बँकेने गॅरंटी लिहून दिलेली असते, समोरचा पक्ष ती वटवायला काढतो आणि कंत्राटदार न्यायालयात धाव घेतो की बँकेला पैसे देण्यापासून रोखा. न्यायालयाने रोखावे का?

या प्रश्नाचे सर्वांत कडू उत्तर १९७७ साली इंग्लंडमधल्या अपील न्यायालयाने दिले. एडवर्ड ओवेन नावाच्या इंग्लिश कंपनीने लिबियात हरितगृहे उभारून देण्याचा करार केला होता. कराराच्या सुमारे दहा टक्के, म्हणजे ५०,२०३ पौंडांची गॅरंटी तिने दिली. बार्कलेज बँकेने लिबियातल्या उम्मा बँकेला हमी दिली आणि उम्मा बँकेने ग्राहकाला. मागणी येताच, कसलाही पुरावा न मागता पैसे द्यायचे, असा मजकूर होता. पुढे लिबियाच्या ग्राहकाने कराराप्रमाणे पक्के लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे मालाचे पैसे देण्याचे बँकेचे हमीपत्र, उघडलेच नाही, म्हणून कंपनीने काम थांबवले. चूक ग्राहकाची दिसत होती, तरी गॅरंटीचे पैसे त्यानेच मागितले. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांना कंपनीची अडचण पुरती कळली होती. त्यांनी मनाई मात्र नाकारली. विक्रेता आणि ग्राहक यांच्यातल्या तंट्याशी बँकेचा संबंध नाही, बँकेने शब्द दिला आहे आणि तो तिने पाळायचा आहे.

हे ऐकून मनात पहिली प्रतिक्रिया उठते ती अन्यायाची. ती स्वाभाविक आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येणारच आहे. आधी हा नियम इतका कठोर का, ते पाहू.

सरकारी टेंडर भरताना बयाणा रक्कम लागते. काम मिळाले की ते नीट पुरे होईल याची परफॉर्मन्स गॅरंटी लागते. यंत्रे आणि माणसे कामावर नेण्यासाठी मोबिलायझेशन ॲडव्हान्स घेतला, तर त्याचीही वेगळी गॅरंटी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत कामगिरीची सुरक्षा रक्कम कराराच्या पाच ते दहा टक्के ठेवलेली होती. कोविडच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, ती तात्पुरती तीन टक्क्यांवर आणली गेली. शंभर कोटींच्या कामावर पाच ते दहा कोटी रोख अडकवून ठेवणे लहान कंत्राटदाराला झेपत नाही. बँक गॅरंटी आली ती त्यासाठी. मार्जिन आणि कमिशन घेऊन बँक आपली पत त्याला वापरू देते, आणि ती रोकड त्याच्या हातात सिमेंट, सळई आणि मजुरीसाठी मोकळी राहते.

म्हणजे गॅरंटी रोख ठेवीच्या जागी आली आहे. रोख ठेव असती तर वाद झाल्यावर ती सरकारी खात्याच्या तिजोरीत राहिली असती, आणि ती परत मिळवायला कंत्राटदाराला दावा करावा लागला असता. गॅरंटीने हे चित्र उलटे व्हावे, वाद मिटेपर्यंत पैसे कंत्राटदाराकडेच राहावेत, असे कोणी म्हणत असेल तर तो न केलेला सौदा मागतो आहे. करारावर सही होते तेव्हाच ठरलेले असते की वादाच्या काळात पैसे कोणाच्या हातात राहतील.

आपल्या पेठांमध्ये दर्शनी हुंडी चाले. हुंडी समोर धरली की सराफाने पैसे मोजायचे. हुंडी लिहिणारा आणि ती आणणारा यांच्यात मालाच्या प्रतीवरून काही बिनसले आहे का, हे तो विचारत बसला असता तर त्याच्या पेढीच्या हुंड्या दुसऱ्या गावात कोणी हातात धरल्या नसत्या. मागणीवर देय असलेली बँक गॅरंटी याच जातीची आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम १२८ चा साधा जामीनदार मूळ ऋणकोइतकाच जबाबदार असतो. करारात वेगळे काही नसेल आणि ऋणकोच देणे लागत नसेल, तर जामीनदारही लागत नाही. गॅरंटी देणारी बँक मात्र आपल्या कागदात हा बचाव आधीच सोडून देते. ‘केवळ मागणीवर, कोणताही आक्षेप न घेता’ असे शब्द तिने लिहून दिलेले असतात.

म्हणूनच मनाई हुकमाच्या नेहमीच्या तीन कसोट्या इथे पुरत नाहीत. प्रथमदर्शनी बाजू भक्कम आहे, सोयीचे पारडे आपल्याकडे झुकते, नुकसान भरून येणार नाही, एवढे दाखवले की एरवी न्यायालय अंतरिम मनाईचा विचार करते. गॅरंटीच्या खटल्यात त्याहून मोठे काही दाखवावे लागते. ते मोठे म्हणजे काय, यावर जगभराच्या न्यायालयांनी अर्धशतकाहून अधिक काळ डोके खपवले आहे.

पहिला अपवाद फसवणुकीचा, आणि त्याचा उगम आपल्या देशातून निघालेल्या मालात आहे. १९४१ च्या न्यूयॉर्कमधल्या स्टेन खटल्यात लखनौच्या ट्रान्सिया ट्रेडर्सने ब्रशांसाठी लागणारे राठ केस पाठवायचे होते. आरोप असा की पन्नास पेट्यांत गाईचे केस आणि कचरा भरून पाठवला आणि कागद मात्र खऱ्या मालाचे तयार केले. तो टप्पा असा होता की न्या. शिंटाग यांना हे आरोप खरे धरूनच पुढे जायचे होते. तसे धरून त्यांनी म्हटले की माल हलका निघाला असता तर बँकेने त्यात पडायचे कारण नव्हते. पण विक्रेत्याने जाणूनबुजून मागवलेल्या मालापैकी काहीच पाठवले नसेल आणि पैसे देण्याआधी ते बँकेला कळले असेल, तर बँकेचा स्वतंत्र शब्द अशा ठकाच्या संरक्षणाला धावणार नाही. खटला लेटर ऑफ क्रेडिटचा होता, पण बँकेच्या शब्दाचा प्रश्न तोच असल्यामुळे गॅरंटीच्या खटल्यांनीही हेच सूत्र उचलले.

इंग्लंडमध्ये १९८३ च्या बोलिव्हिंटर खटल्यात सर जॉन डोनाल्डसन यांनी ही कसोटी आणखी आवळली. फसवणूक स्पष्ट हवी, ती बँकेला ठाऊक असल्याचाही स्पष्ट पुरावा हवा, आणि नुसते ग्राहकाचे शपथपत्र पुरणार नाही. मला हा भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडच्या अर्जांत ‘फसवणूक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. काम उशिरा झाले की नाही, मोजमाप बरोबर की चूक, हा कराराचा तंटा आहे. त्याला फसवणुकीचा मथळा दिल्याने तो फसवणूक होत नाही.

भारतात हा रस्ता फरक्क्यावरून सुरू होतो. फरक्का धरणाच्या कालव्यासाठी मद्रासच्या तारापोर कंपनीने रशियाकडून यंत्रे मागवली. पुढे वाद झाला आणि कंपनीने लेटर ऑफ क्रेडिटचे पैसे थांबवण्याची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. १९८१ चा युनायटेड कमर्शियल बँकेचा निकाल मुंबईच्या माणसाला जवळचा. गोदरेज सोप्सने बिहारच्या अन्नपुरवठा महामंडळाला मोहरीचे तेल विकले होते आणि कागदांवरच्या मालाच्या वर्णनात फरक आढळला होता. तिथेही न्यायालयाने बजावले की बँकांमधल्या अशा व्यवहारांत मनाई सहजासहजी देता येत नाही.

मग आला उत्तर प्रदेश सहकारी महासंघाचा निकाल. बरेली जिल्ह्यातल्या नवाबगंजला वनस्पती तुपाचा कारखाना उभारायचा होता. उच्च न्यायालयाने गॅरंट्या वटवायला मनाई केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. न्या. सब्यसाची मुखर्जी आणि न्या. जगन्नाथ शेट्टी यांचा हा निकाल आजही प्रत्येक अर्जावरच्या युक्तिवादात उद्धृत होतो. संपूर्ण व्यवहाराच्या मुळालाच कीड लावील इतकी उघड फसवणूक असेल तरच हात घाला, असा त्याचा आशय. मनाई सैल हाताने दिली तर देशांतर्गत आणि परदेशी व्यापारात बँकेच्या सहीवरचा विश्वास जाईल, ही भीती त्यामागे होती.

दुसरा अपवाद भरून न येणाऱ्या अन्यायाचा. त्याचे मूळ इराणच्या क्रांतीत आहे. आयटेक या अमेरिकन कंपनीने शहाच्या युद्ध मंत्रालयाशी सुमारे सव्वादोन कोटी डॉलरचा करार केला होता. क्रांती झाली, अमेरिकन वकिलातीतले लोक ओलीस धरले गेले, आणि त्यानंतर गॅरंटीचे पैसे मागितले गेले. ते एकदा दिले तर इराणच्या न्यायालयातून परत मिळण्याची कसलीच शक्यता उरली नव्हती, म्हणून अमेरिकन न्यायालयाने मनाई दिली. आपल्याकडे हा निकाल उंच उंबरठा म्हणून वापरला जातो. उत्तर प्रदेश राज्य साखर महामंडळाविरुद्ध सुमॅक इंटरनॅशनलने सांगितले की महामंडळ आजारी उद्योग म्हणून अशा उद्योगांच्या पुनर्रचना मंडळासमोर गेले आहे, पैसे गेले की बुडालेच. न्या. सुजाता मनोहर यांनी ते मानले नाही. वसुली अवघड होणे वेगळे आणि ती अशक्य होणे वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश राहिलेल्या न्या. मनोहर यांच्या या निकालातली रेष मला आजही योग्य वाटते. समोरचा अडचणीत आला की गॅरंटी थांबत असेल, तर ती ज्या काळासाठी घेतली नेमक्या त्याच काळात निकामी होईल.

एवढे सगळे असूनही खालची न्यायालये मनाई देत राहिली. १९९७ मध्ये द्वारिकेश शुगरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला उच्च न्यायालयाची जाहीर कानउघाडणी करावी लागली, की स्थिर झालेला कायदा समोर असताना तो डावलणे न्यायिक शिस्तीला धरून नाही.

एका निकालाकडे मात्र आपले कंत्राटदार पुरेसे लक्ष देत नाहीत. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन, म्हणजे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये मुंबईत स्थापन केलेली कंपनी, बिहारच्या सुवर्णरेखा प्रकल्पात काम करत होती. मोबिलायझेशन ॲडव्हान्सची गॅरंटी खात्याने वटवायला काढली. गॅरंटीत ‘बिनशर्त’ हा शब्द होता, ‘पहिल्या मागणीवर’ होते, सगळे कडक शब्द होते. पण त्यांच्या पाठोपाठ एक पोटवाक्य येत होते: करारातल्या अमुक कलमाची पूर्तता झाली नसेल आणि त्यामुळे वसुलीचा हक्क निर्माण झाला असेल, तर. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या पोटवाक्याने गॅरंटी सशर्त झाली आहे. शिवाय ती मुख्य अभियंत्याच्या नावे होती आणि पैसे मागणारे पत्र कार्यकारी अभियंत्याने लिहिले होते. मागणीच मजकुराप्रमाणे नव्हती. कंपनी जिंकली.

इथे फसवणूक नव्हती, अन्यायाचा आकांत नव्हता. कागदावर जे लिहिले होते त्याची न्यायालयाने अंमलबजावणी केली, इतकेच. मी कंत्राटदारांच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि खात्यांच्याही. दोन्ही बाजूंना माझे सांगणे एकच असते, की गॅरंटीचा मसुदा शेवटच्या संध्याकाळी बँकेच्या टेबलावर सही करण्यासाठी नसतो. कोणाची सही लागेल, कोणत्या शाखेत मागणी पोहोचली पाहिजे, कशाची पूर्तता झाली नाही असे लिहून द्यावे लागेल, काम पुढे सरकेल तशी रक्कम कमी होईल की नाही, हे सारे मसुद्यात ठरते. त्यावर घासाघीस करायची वेळ टेंडरपूर्व बैठकीत असते. न्यायालयात ती टळून गेलेली असते.

कोविडच्या टाळेबंदीने या सगळ्या तत्त्वांची परीक्षा पाहिली. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात व्हिडिओ कॉन्फरन्सवर पोलादाच्या आयातदारांचे अर्ज ऐकले गेले. दक्षिण कोरियातून माल जहाजावर चढून निघालेला होता, लेटर ऑफ क्रेडिट उघडलेले होते, आणि टाळेबंदीमुळे करार पुरा करणे अशक्य झाले, पैसे थांबवा, अशी मागणी होती. न्या. सय्यद यांनी ती नाकारली. टाळेबंदी मर्यादित काळाची आहे, पोलाद अत्यावश्यक यादीत आहे आणि विक्रेत्याने आपले काम केले आहे. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने हॅलिबर्टनला वेदांताविरुद्ध थोड्या दिवसांचे संरक्षण दिले. राजस्थानातल्या तेलविहिरींचे ते काम होते आणि गॅरंट्या आठ होत्या. मे महिनाअखेर दुसऱ्या न्यायमूर्तींपुढे सविस्तर सुनावणी झाली तेव्हा ते संरक्षण उठले, कारण काम टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून रखडले होते. मला दोन्ही आदेश योग्य वाटतात. माणसे घरात कोंडलेली असताना काही दिवस थांबणे माणुसकीला धरून होते. जुनी दिरंगाई साथीच्या पांघरुणाखाली घालणे तसे नव्हते.

आता त्या पहिल्या प्रतिक्रियेकडे येतो.

गॅरंटी वटली की काय होते? बँक पैसे देते आणि तेवढी रक्कम कंत्राटदाराच्या खात्यावर नावे टाकते. आजवर जी नुसती मर्यादा होती ती कर्ज बनते. नव्वद दिवसांत ते फेडले नाही तर खाते थकीत. मग दुसऱ्या बँका हात आखडतात, नव्या टेंडरसाठी गॅरंटी मिळत नाही, चालू कामांवरची बिले बँक आधी आपल्याकडे वळवते. मोठी कंपनी यातून तरते. तालुक्याच्या गावात वीस-पंचवीस कामगार बाळगून पाझर तलाव आणि पूल बांधणारा माणूस तरत नाही. गॅरंटीची मुदत संपत आली की सरकारी खात्याकडून पत्र येते: मुदत वाढवा, नाहीतर पैसे द्या. त्यात त्याने नेमके काय चुकवले हे अनेकदा लिहिलेलेही नसते. मार्चअखेर हा प्रकार वाढतो. हिशेब न करता गॅरंटी हाती ठेवणे अधिकाऱ्याला सोपे जाते, कारण ती सोडली तर त्याला जाब विचारला जातो आणि वटवली तर कोणी काही विचारत नाही.

सिंगापूरच्या न्यायालयांनी यावर वेगळी वाट धरली. फसवणूक नसली तरी गॅरंटी मागणे सदसद्विवेकाला न पटणारे असेल, तर तिथे मनाई मिळू शकते. इंग्लंडने ती वाट नाकारली. आपल्याकडे ‘विशेष न्याय्य परिस्थिती’ या शब्दांतून तिचा दरवाजा किलकिला झाला आहे. तो आणखी उघडावा, असे अनेक तरुण वकिलांना वाटते. मी त्यांच्याशी सहमत नाही. आपल्या न्यायालयांतला एक आठवड्याचा एकतर्फी आदेश किती वर्षे चालतो हे आपण पाहतो. सिंगापुरात अंतरिम अर्जाची सुनावणी लवकर संपते, आपल्याकडे ती संपत नाही. तिथला नियम इथे आणला तर प्रत्येक गॅरंटीला न्यायालयाचे कुलूप लागेल. मग खाती पुन्हा रोख ठेव मागू लागतील, आणि पहिला मार त्याच तालुक्यातल्या कंत्राटदाराला बसेल.

माझी तक्रार दुसरीकडे आहे. या व्यवस्थेचे वचन दोन भागांचे होते: आधी पैसे, मग भांडण. पहिल्या भागाचे रक्षण आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार निष्ठेने केले. दुसऱ्या भागाकडे कोणी पाहिले नाही. बांगलादेशच्या सरकारी साखर महामंडळाविरुद्ध कारगिल कंपनीच्या खटल्यात इंग्लिश न्यायालयांनी नव्वदच्या दशकात स्पष्ट सांगितले की गॅरंटीची रक्कम ही शेवटची पावती नव्हे. ती घेतल्यानंतर खऱ्या नुकसानीचा हिशेब झाला पाहिजे आणि जास्त घेतलेले परत केले पाहिजे. त्या विश्वासावरच मागणीवर देय गॅरंटी न्याय्य ठरते. तो हिशेब दहा वर्षांनी होत असेल, तर कठोर नियमाचे नैतिक बळ निघून जाते, आणि मनाईसाठी न्यायालयात येणाऱ्या माणसाला दोष देण्याचा हक्क आपल्यापाशी उरत नाही.

हिशेब कसा होतो ते पाहा. लवाद नेमायचा, तो चालवायचा, निवाडा मिळवायचा. मग लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली सरकारी खाते त्याला आव्हान देते, त्यावर अपील करते, तिथून सर्वोच्च न्यायालय. २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ठरवले की निवाडा आव्हानाखाली असला तरी पंचाहत्तर टक्के रक्कम कंत्राटदाराला द्यावी. पण ती घ्यायला पुन्हा बँक गॅरंटी द्यायची. ज्याची गॅरंटी वटून खाते थकीत झाले, त्याला दुसरी गॅरंटी कोणती बँक देणार? आणि ३ जून २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सूचना काढली की सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचे कलम सरसकट घालू नये, आणि घातले तरी ते साधारणपणे दहा कोटींखालच्या तंट्यांपुरते ठेवावे. लवादाबद्दल सरकारची नाराजी मी समजू शकतो, त्याला कारणेही आहेत. पण गॅरंटीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो याचा विचार त्या सूचनेत मला दिसत नाही. मोठ्या कामांवर पैसे पूर्वीइतक्याच झटपट जातील आणि हिशेब दिवाणी न्यायालयाच्या रांगेत उभा राहील.

उपाय अवघड नाही. गॅरंटी वटवताना खात्याने काय चुकले आणि अंदाजे किती नुकसान झाले हे दोन ओळींत लिहावे. ते खरे की खोटे हे बँकेने तपासायचे नाही, तिने पैसे द्यावेत. वटवल्यावर ठरलेल्या मुदतीत, समजा सहा महिन्यांत, नुकसानीचा तपशीलवार हिशेब कंत्राटदाराला द्यावा. तो दिला नाही, किंवा दाखवलेले नुकसान रकमेहून कमी निघाले, तर उरलेले पैसे बँकेच्या कर्जाच्या दराने व्याजासह परत जावेत, आणि त्या एका प्रश्नावर कराराबाहेरच्या त्रयस्थ अभियंत्याचा निर्णय तात्पुरता बंधनकारक असावा. काम जसे पुरे होईल तशी गॅरंटीची रक्कम टप्प्याने कमी व्हावी. इन्शुरन्स कंपन्यांचे शुअरिटी बॉण्ड २०२२ पासून आपल्याकडे आले आहेत, त्यांच्या मसुद्यातही हेच घालता येईल. हे कलम पुढच्या टेंडरमध्ये यायला संसदेच्या कायद्याची गरज नाही. खात्याच्या सचिवाची सही पुरते.